खोड सांगून बैल विकणारा

दादा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. विहारातले बोलले, सोसायटीचे बोलले, माजी सरपंच तर माइक सोडायलाच तयार नव्हते. सुखदेव म्हणजे देवमाणूस, सुखदेवनं कधी कोणाचं मन दुखावलं नाही, सुखदेवला राग म्हणून माहीत नव्हता. मी वहिनीशेजारी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे लोक बोलतायत तरी कोणाबद्दल? राग माहीत नव्हता म्हणे. मग भाजीत मीठ जास्त झालं की ताट सरकवून कोठ्यात जाणारा आणि बैलांजवळ घरच्यांची गाऱ्हाणी सांगत बसणारा तो माणूस कोण होता? इतक्या लोकांत एकानंही तुझी एक खोड सांगितली नाही. तू असतास तर उठून गेला असतास. बाजारात एखादा व्यापारी आपल्या बैलाची अशी तारीफ करायला लागला की तू माझा हात ओढायचास आणि म्हणायचास, "चाल मंदे, याच्या बैलात काई दम नाई."

मलाही बोलायला सांगत होते. मी नाही उठले. उठले असते तर भांडलेच असते तुझ्याशी, आणि भंतेजींसमोर ते बरं दिसलं नसतं. म्हणून हे इथं, आंजीच्या आपल्या घरी, तुझ्याच खाटेवर बसून लिहिते आहे. देवळीचं दुकान बंद ठेवलंय. तहसीलसमोरची झेरॉक्स काही दिवस माझ्याशिवाय चालेल.

ज्यांना तुझा नाद ठाऊक नाही त्यांना काय सांगू? तू शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींसाठी, जोड्या तयार करायचास. चांगल्या अंगाचे गोऱ्हे निवडून आणायचे, त्यांना पोटच्या पोरासारखं खाऊपिऊ घालायचं, हलक्या छकड्याला जुंपून सरळ रेषेत पळायला शिकवायचं. कापूस निघाला, वावरं मोकळी झाली की गावोगावचे पट सुरू व्हायचे. तिथं जोडी दोन-चार वेळा पळवायची आणि मग कोणा शौकिनाला विकायची. राहुल, तुझा मुलगा, लहानपणी रडायचा प्रत्येक जोडी जाताना. तूही रडायचास, पण कोठ्याच्या मागे जाऊन.

आणि विकताना तू जे करायचास ते आपल्या भागात दुसरं कोणी करत नव्हतं. बैलबाजारात सौदा बोटांनी होतो. दोन माणसं दुपट्ट्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, आणि ठरलं ते त्या दोघांतच राहतं. बैलाची खोड तर त्याहून गुप्त. विकणारा आभाळाकडे पाहत उभा राहतो. खोड घेणाऱ्यानं शोधायची, आणि घरी नेल्यावर कळली तर आपल्या कपाळाला हात लावायचा. तू मात्र दावं दुसऱ्याच्या हातात देण्याआधी बैलाच्या वशिंडावर हात ठेवायचास आणि आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याची खोड सांगायचास. "हा उजवा ढोल वाजला का डाव्याले दाबते." "हा भरधाव आला का लवकर थांबत नाई, समोर जागा मोकयी ठेवजो." "याले दुसऱ्याच्या बादलीतलं पानी चालत नाई, याची बादली संगंच नेजो." मग दावं सोडायचास. खोड सांगितल्याशिवाय आपल्या कोठ्यातून बैल गेलेला मला आठवत नाही.

मी लहान असताना विचारलं होतं, दादा, काऊन सांगतोस? लोक कमी देतात ना मग. तू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होतास, पण बोलायचास मोठ्या माणसासारखा. म्हणालास, "बैल बोलत नाई ना मंदे. खोड लपवली तर मार कोनाले पडते? त्यालेच पडते. घेणाऱ्याले वाटते बैल माजला, आन् तो हाणते. सांगून ठेवली तर निदान हात उगारायच्या आंधी आठवते त्याले." एवढंच कारण होतं तुझं. प्रामाणिकपणा वगैरे मोठे शब्द परवा माइकवाल्यांनी वापरले, तुझ्या तोंडी ते कधी आले नाहीत.

त्या काळी लोकांना हे आवडायचं. लांबून लांबून माणसं यायची, बाहेर बाजेवर बसायची, वहिनीच्या हातचा चहा प्यायची आणि म्हणायची, सुखदेवभाऊची जोडी डोळे मिटून घ्यावी. त्यांच्या अंगणात आपल्याला पाणी मिळतं की नाही, आपल्या हातचा चहा त्यांना चालतो की नाही, हे प्रश्न त्या वेळी गावात सगळीकडे सुटलेले नव्हते. पण बैल घ्यायला आलेला माणूस आपल्या बाजेवर बसायचा आणि कपबशी रिकामी करूनच उठायचा. आईला त्याचा फार अभिमान होता. ती मुद्दाम बाहेरच्या अंगणात चहा द्यायला लावायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

आणि पट! माझं लग्न होऊन मी देवळीला गेले तरी माहेरी यायची ती दिवाळीला नाही, पटाला. गावातल्या साऱ्या लेकी पटालाच यायच्या. घराघरात पाहुणे, तव्यावरची भाकर उतरायला वेळ नाही. मैदानाच्या दोन्ही अंगांनी माणसांची भिंत उभी राहायची. मागच्यांना काही दिसायचं नाही, तरी ते ओरडायचे. तुझी जोडी निघाली की मला आधी ओरडा ऐकू यायचा, मग धूळ दिसायची, आणि धुळीतून तू, छकड्यावर वाकलेला, हातात काठी नाही. हे मात्र मी परवा सांगायला हवं होतं. छकडा हाकणाऱ्या बाकीच्या धुरकऱ्यांच्या हातात बैलांना टोचायची, आर लावलेली पराणी असायची. तुझे हात मोकळे असायचे.

म्हणूनच कोर्टाची पटावर बंदी आली तेव्हा आपलं भांडण झालं. तुला वाटलं होतं मी तुझ्या बाजूनं बोलेन. मी म्हटलं, बरं झालं. तू मारत नाहीस म्हणून कोणीच मारत नाही असं होतं का? बैलांच्या अंगावरचे वळ मी पाहिलेत, शेपट्या पिरगाळताना पाहिलंय. तू तांबडालाल झालास. "बंदी माराची आना ना! पयन्याची काऊन आनून राह्यले?" मी म्हटलं, बैलाला विचारलं का कोणी, पळायचंय का म्हणून? त्यावर तू मला कोठ्यात नेलंस, त्या वेळच्या जोडीतल्या एकाला सोडलंस, आणि तो मोकळा बैल वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच धावत सुटला. "इचार आता," म्हणालास. मी हसले, पण माझं मत बदललं नाही. तुझंही नाही. या एका गोष्टीवर आपण दोघंही शेवटपर्यंत अडून राहिलो, आणि दोघांनाही मनातून वाटायचं की समोरच्याचं अर्धं बरोबर आहे.

बंदीची वर्षं तू कशी काढलीस ते वहिनीला माहीत. छकडा कोठ्याच्या आढ्याला टांगलेला. तू शेतीच्या कामाचे बैल ठेवलेस आणि त्यांनाच सकाळी सरळ रेषेत चालवत राहिलास. मग कधीतरी बंदी उठली. तू फोन केलास तेव्हा दुकानात दाखल्यांसाठी गर्दी होती, तरी मी सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले, इतका तू खूश होतास. "पट सुरू झाला मंदे! येजो!"

पट सुरू झाला, पण लोक परत आले नाहीत. तुला हे समजायला वेळ लागला आणि मान्य करायला त्याहून जास्त. मंडप मोठा झाला, लाउडस्पीकर आले, बक्षिसात मोटारसायकली आल्या, मंचावर पाहुण्यांची रांग बसू लागली, आणि मैदानाच्या कडेची माणसांची भिंत जागोजाग फुटलेली. लेकी पटाला यायच्या बंद झाल्या. त्यांच्या पोरांच्या परीक्षा असतात. जे तरणे यायचे ते जोडी सुटली की पाठ फिरवून स्वतःचाच फोटो काढायचे. गावातली म्हातारी माणसं तेवढी खुर्च्यांवर बसून राहायची, आणि तीही ऊन चढलं की उठायची.

धंद्याचं तर आणखीच वाईट झालं. बैलांना इंजेक्शनं देऊन पळवतात असं कानावर यायला लागलं. एका पटात वाऱ्यासारखी आलेली जोडी घरी नेल्यावर आठवडाभर उभी राहत नाही, अशा कहाण्या. मोबाइलवर जोडीचा व्हिडिओ यायचा, त्यात वेग वाढवलेला. घेणारे फसले, एकदा फसले, दोनदा फसले, आणि मग त्यांनी सरसकट सगळ्यांवरचाच भरवसा सोडला. माझ्या दुकानात एक जण स्टँपपेपर घेऊन आला होता, बैल पळेल अशी हमी लिहून घेतलेली, त्याच्या प्रती काढायला. मी तुला सांगितलं तर तू हसता हसता खोकायला लागलास. "बैलाची सई घेतली का त्याच्यावर?" म्हणालास.

पण तो जीपवाला आला तेव्हा तू हसला नाहीस. दुसऱ्या जिल्ह्यातला, बरोबर दोन दोस्त, एकाचा मोबाइल सारखा समोर धरलेला. मी नेमकी त्या दिवशी आंजीत होते. जोडी त्याला पसंत पडली होती, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तू नेहमीसारखा वशिंडावर हात ठेवलास आणि सांगितलंस, हा डावा नवीन मैदान पाहिलं की पहिल्या दिवशी अंग चोरतो, त्याला आदल्या दिवशी नेऊन मैदान दाखवावं लागतं. जीपवाल्यानं दोस्ताकडे पाहिलं. ते बाजूला झाले, आणि त्याचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं, "एक खोड सोताहून सांगून राह्यला म्हंजे पाच लपवून राह्यला." चहा न घेता गेले. पुढच्या बाजारात हीच गोष्ट पसरली: सुखदेव सोताच म्हणते का त्याच्या बैलात खोड हाये. ज्या गोष्टीमुळे लोक आपल्या अंगणात येत होते, त्याच गोष्टीमुळे यायचे बंद झाले.

त्या बाजारातून परत येताना मी तुझ्या गाडीवर मागे बसले होते आणि वाटभर तुला बोलत होते. पुलाजवळ तू गाडी थांबवलीस. मी म्हटलं, तोंड बंद ठेवायला काय जातं तुझं? विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप राहा. तू म्हणालास, "मी घेणाऱ्यासाठी नाई सांगत, बैलासाठी सांगतो." मी म्हटलं, घेणाराच नसला तर बैलाचं काय करशील? कोठ्यात म्हातारे करशील? खरं ऐकून ज्याला भीती वाटते त्याला खरं सांगून उपयोग काय? तू किक मारलीस. त्यानंतर हा विषय मी काढला की तू बैलांना पाणी पाजायला निघून जायचास. मी चिडले होते ते त्या लोकांवर, आणि हाताशी तू होतास.

त्यानंतर तू ही शेवटची जोडी आणलीस. वजीर आणि गुलब्या. एक पांढराशुभ्र, एक लालसर, कानाशी गुलाबी. वहिनी म्हणाली, आता कोण घेणार? तू म्हणालास, "इकाले आनलेच नाई." आणि खरंच, या जोडीच्या बाबतीत तू विकायची भाषा कधी केली नाहीस. या हिवाळ्यात आपल्याच गावच्या पटात त्यांना काढलंस. मैदानावर माणसं कमी, कुत्रे जास्त. तुझी जोडी आली, इतकी सरळ, इतकी सुंदर आली, की मी उभी राहून टाळ्या वाजवायला लागले. आजूबाजूला कोणीच वाजवत नव्हतं. लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले. तू छकड्यावरून उतरलास, घामानं निथळत होतास, आणि मला म्हणालास, "एवढ्या जोरानं वाजवू नोको, बुजतीन ना ते." पण केवढा हसत होतास. तो तुझा चेहरा माझ्याकडे आहे. तो मी कोणाला देणार नाही.

मग छातीत दुखलं, मग सावंगीचा दवाखाना, आणि मग काही नाही. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

तू गेल्यावर घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो या दोघांचा. राहुल पुण्याला कंपनीत. त्याची सुट्टी संपत आली होती. वहिनीचे गुडघे तुला माहीत आहेत. पळणाऱ्या बैलांना नुसतं बांधून ठेवलं तर ते खराब होतात, हे तूच सांगायचास. एक व्यापारी आला, त्याला वजीर हवा होता, गुलब्या नको. वहिनी आतून बाहेर आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "जोडी फोडाची नाई." व्यापाऱ्यानं समजावून पाहिलं, राहुलनं पाहिलं, मीही एकदा पाहिलं. ती तेच एक वाक्य म्हणत राहिली. मग आम्ही विषय सोडला. पण रोज सकाळी राहुल कोठ्यात जाऊन उभा राहायचा आणि घरात येऊन कॅलेंडरकडे पाहायचा.

आणि एके दिवशी अल्लीपूरचे नामदेवराव आले. पांढऱ्या मिशांचे, हातात छत्री. तुझ्याकडून कधीकाळी त्यांनी जोडी नेली होती, बंदीच्या आधी. मला ते आठवत नव्हते. वहिनीला आठवत होते. बाजेवर बसले, चहा प्यायले, तुझ्या फोटोसमोर जाऊन हात जोडले. मग कोठ्यात गेले. वजीरचे पाय चाचपले, गुलब्याचे दात पाहिले, दोघांच्या पाठीवर हात फिरवत किती तरी वेळ उभे राहिले. बाहेर आले आणि म्हणाले, "जोडी मी नेतो. फोडत नाई. आता खोड सांगा."

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायला लागलो.

राहुल म्हणाला, "काका, काही खोड नाही यांच्यात." नामदेवरावांनी मान हलवली. "असं कसं? तुझ्या बापानं मले दिली त्या जोडीची खोड सांगितलती. त्यातला एक बैल पुलावर थांबे. मले माहीत होतं म्हनून मी त्याले कधी काठी लावली नाई, उतरून पुढं चालो, मांगं मांगं ये तो. मले आता कोनाचा भरोसा नाई राह्यला बाप्पा. दोनदा फसलो. या घरचा माणूस खोड सांगते म्हनून आलो इतक्या लांब."

दादा, मी तुला खरं सांगते. या जोडीची खोड तू आमच्यापैकी कोणालाच सांगितली नव्हतीस. विकायचीच नव्हती, तर सांगणार कशाला? आणि इथं एक माणूस उभा होता, जोडी न फोडता नेणारा, काठी न लावणारा, आणि तो निव्वळ एका खोडीसाठी अडला होता. एवढे दिवस मी तुला म्हणत होते, खोड सांगू नको, गिऱ्हाईक जातं. आता सांगायला खोड नाही म्हणून गिऱ्हाईक जात होतं! मला त्या क्षणी हसायलाही आलं आणि तुझा रागही आला. मग माझ्या मनात आलं, एखादी सांगून टाकावी. गुलब्या पाण्याला बुजतो, म्हणावं. कोणाचं काय बिघडणार? माणूस निश्चिंत होईल, जोडी जाईल, राहुल वेळेवर कामावर पोचेल. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं झेरॉक्स करणाऱ्या बाईला एवढं जड नाही. मी तोंड उघडलंच होतं.

वहिनी आधी बोलली. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणाली, "असंन खोड. मले सांगून नाई गेले ते. आन् नसलेली मी सांगत नाई, भाऊ. खोटी सांगितली तं तुमी तिलेच जपत बसान, आन् खऱ्या खोडीसाठी मार खातीन माये बैल."

नामदेवरावांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. राहुलनं विचारलं, छकडा जुंपू का, पळवून पाहता का? ते म्हणाले, "मयताच्या घरी छकडा नाई पयवत, पोरा." मग वहिनीकडे वळले. "बाई, मी नेतो. खोड मले सापडली का मी तुमाले फोन करून सांगतो. तवरोक हात नाई उगारत."

पुढचं सगळं लवकर झालं. गाडी आली. वजीर निमूट चढला, गुलब्यानं जरा नाटक केलं. वहिनीनं दोघांची दावी स्वतः नामदेवरावांच्या हातात दिली, वशिंडावर हात ठेवून, तुझ्यासारखीच, पण न बोलता. मी कोठ्याच्या मागे गेले. तिथं राहुल आधीच उभा होता.

त्या दिवसापासून वहिनीचा मोबाइल तिच्या कमरेला. चूल पेटवताना, भांडी घासताना, सगळीकडे. मी म्हटलं, अगं तो माणूस विसरून गेला असेल. ती म्हणाली, "तुमाले माणसायची पारख नाई, मंदाबाई." तुझी बायको आहे, बोलणार नाही असं कसं होईल!

आज सकाळी फोन आला. वहिनीनं स्पीकर लावला, तिला कानाला धरून नीट ऐकू येत नाही. नामदेवराव म्हणाले, "खातेत चांगले, रवंथ करतेत, पाय बी मोकये हायेत. जुंपले तं उभे राहतेत पन निंगत नाई, आत्ता बी जुंपलेलेच उभे हायेत माह्या बाजूले. मी खोड नाई म्हनत याले. मी हात नाई लावला, घाबरू नोका. मले फक्त इचाराचं होतं, भाऊ त्यायले हाक कशी मारे?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन फोन घेतला, म्हटलं मी सांगते. तुझी ती हाक मी लहानपणापासून ऐकलेली, जीभ टाळूला लावून आधी तो आवाज आणि मग ती लांब, वर चढत जाणारी आरोळी. मी जिभेचा आवाज काढला. पुढची आरोळी चढेना. पलीकडे नामदेवराव वाट पाहत होते. मैदानावरचा वारा फोनमध्ये ऐकू येत होता.

वहिनीनं फोन माझ्या हातून घेतला. तुला माहीत आहे, तिनं जन्मात कधी बैलाला हाक मारली नव्हती. तुझ्या आरोळीनं शेजारचं लेकरू उठतं म्हणून उलट तुझ्यावरच ओरडायची. तिनं फोन तोंडाजवळ धरला, डोळे मिटले, आणि तुझी हाक मारली. तशीच, दादा. जिभेचा आवाज तोच, चढ तोच, शेवटी तू जिथं श्वास सोडायचास तिथंच तिनं सोडला.

पलीकडे आधी काहीच ऐकू आलं नाही. मग घुंगरं वाजली. एकदम, दोन्ही बैलांची, आणि मग छकड्याच्या चाकांचा खडखडाट, आणि नामदेवराव ओरडतायत, "अरे धर! धर रे! निंगाले, निंगाले ते!" आणि घुंगरं लांब लांब जात राहिली.

वहिनीनं फोन माझ्या हातात दिला आणि चुलीवरचं दूध उतू जातंय म्हणून आत गेली. चूल तर पेटलेलीच नव्हती. मी फोन कानाला लावून उभी राहिले. घुंगरं ऐकू येईनाशी झाली तरी उभी होते, आणि पलीकडून कोणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.